वारशावर कर नाही, हे कोणी सांगितले?

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेचा प्रचार ऐन भरात असताना काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला आणि देशभर रान पेटले. एका बाजूने 'बापाच्या कमाईवर सरकारचा डोळा' अशी हाकाटी झाली, दुसऱ्या बाजूने 'श्रीमंतांच्या पोरांना फुकटचे घबाड कशाला?' असा सवाल आला. निवडणूक संपली, वाद संपला नाही. तो अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी एकाच चुकीच्या गृहीतकावर उभा राहतो: भारतात आज वारशावर कर नाही. समर्थकांना तो आणायचा आहे, विरोधकांना तो अडवायचा आहे. पण वडिलांचे जुने शेअर किंवा आईच्या नावची सदनिका विकून ज्यांनी आयकराचे विवरणपत्र भरले आहे, त्यांना विचारून पाहा. वारसा हाती आला त्या दिवशी कर लागला नाही, हे खरे. विकला त्या दिवशी जो लागला, तो मात्र वडिलांनी खरेदी केली तेव्हापासूनच्या वाढीचा हिशेब मांडून लागला.

माझी भूमिका सरळ आहे. मृत्यूवर वेगळा कर नको. पण वारशाने आलेल्या गुंतवणुकीतला नफा माफही व्हायला नको. पूर्वमालकाची खरेदी किंमत वारसाच्या नावे पुढे चालू ठेवायची आणि तो विकेल तेव्हा कर घ्यायचा, ही आपल्याकडची पद्धत तत्त्वाला धरून आहे. ती टिकवायला हवी. मात्र आज ती ज्या रीतीने अमलात येते, त्यात प्रामाणिक आणि कागद हरवलेल्या वारसावर अन्याय होतो, आणि ज्याची मालमत्ता कधी कोणा माणसाच्या नावावर नसतेच, त्याला ती हातही लावत नाही. भांडायचेच तर या दोन गोष्टींवर भांडायला हवे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या चार तरतुदी इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कलम ५६ नुसार वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मालमत्ता हे मिळणाऱ्याचे उत्पन्न नव्हे. कलम ४७ नुसार मृत्युपत्राने झालेला बदल हा भांडवली नफ्यापुरता हस्तांतर धरला जात नाही, म्हणून गेलेल्या माणसाच्या हिशेबातही नफा उभा राहत नाही. कलम ४९(१) सांगते की पूर्वमालकाला जी किंमत पडली तीच वारसाची किंमत. आणि कलम २(४२अ) पूर्वमालकाचा धारणकाळ, म्हणजे मालमत्ता जवळ ठेवल्याचा काळ, वारसाच्या धारणकाळात मिळवते. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचा वाजवी बाजारभाव किंमत म्हणून घेता येतो; जमीन वा इमारत असेल तर तो त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर जाऊ शकत नाही. सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर आणि इक्विटी फंड यांच्यासाठी आणखी एक पायरी आहे, ३१ जानेवारी २०१८ च्या भावाची. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा जुन्याची जागा घेतो. कलमांचे आकडे बदलतात, हे तत्त्व बदलत नाही.

आता हे आकड्यांत मांडू. समजा, वडिलांनी १९९६ मध्ये ४०,००० रुपयांना शेअर घेतले. ३१ जानेवारी २०१८ रोजी त्यांचा बाजारभाव ६ लाख होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये वडील गेले त्या दिवशी ११ लाख. मुलीने चार महिन्यांनी ते १२ लाखांना विकले. कायद्याने किंमत धरायची ६ लाख, कारण २०१८ चा भाव मूळ किमतीपेक्षा जास्त आणि विक्रीच्या रकमेपेक्षा कमी आहे. नफा ६ लाख. त्यातून सूचिबद्ध शेअरवरची वर्षाची १.२५ लाखांची सूट वजा, उरलेल्या ४.७५ लाखांवर १२.५ टक्के म्हणजे ५९,३७५. वर ४ टक्के उपकर. एकूण ६१,७५० रुपये. शेअर मुलीकडे चारच महिने असले तरी नफा दीर्घकालीन, कारण वडिलांची अठ्ठावीस वर्षे तिच्या खात्यात जमा आहेत.

प्रत्यक्षात काय घडते? मृत्यूच्या दिवशीचा भाव हीच आपली किंमत असे समजणारे खूप. त्यांचा नफा येतो १ लाख, सुटीच्या आत, कर शून्य. आणि पुढे केव्हातरी नोटीस. ट्रान्समिशनची, म्हणजे मृताचे शेअर वारसाच्या नावे होण्याची, तारीख ही खरेदीची तारीख मानली तर तोच १ लाख अल्पकालीन ठरतो आणि २० टक्क्यांनी उपकरासह २०,८०० भरले जातात. १९९६ ची किंमत मिळाली पण २०१८ ची पायरी ठाऊक नसली, तर नफा ११.६० लाख आणि कर १,३४,५५०. आणि घरात एकही कागद सापडला नाही म्हणून किंमत शून्य धरली, तर १,३९,७५०. शेअर तेच, विक्री तीच, वारस तोच, आणि कराचे पाच वेगवेगळे आकडे. यातला एकच कायद्याचा आहे. वारसा कर असावा की नसावा यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांना तो अचूक काढता येईल?

याच शेअरची गोष्ट अमेरिकेत घडली असती तर? तिथे १९२१ पासून नियम असा की मालक गेला की वारसाची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाला येऊन बसते. म्हणजे १९९६ ते २०२४ ची सारी वाढ कायमची करमुक्त. उरला तो शेवटच्या चार महिन्यांचा १ लाखाचा नफा. मृताच्या एकूण मालमत्तेवरचा केंद्रीय संपदा कर तिथे आहे, त्याचा सर्वांत वरचा दर ४० टक्के आहे (प्रचारात गाजलेले ५५ टक्के नव्हे), पण २०२४ मध्ये तो दरडोई १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या संपत्तीलाच लागत होता. त्या रेषेखालच्या कुटुंबाला केंद्राचा संपदा करही नाही आणि जुन्या नफ्यावरचा करही नाही. तेव्हा 'अमेरिकेत वारशावर कर, भारतात नाही' हे वाक्य मध्यमवर्गीय गुंतवणूकदारापुरते नेमके उलटे आहे. म्युच्युअल फंडात आयुष्यभर थोडेथोडे टाकत गेलेल्या भारतीय शिक्षिकेच्या मुलाला त्या वाढीवर कर भरावा लागतो. तिच्यासारख्याच अमेरिकी शिक्षिकेच्या मुलाला सहसा भरावा लागत नाही.

जगाकडे पाहायचेच तर दोन्ही खिडक्यांतून पाहायला हवे: मृत्यूनंतर संपत्तीवर कर आहे का, आणि संपत्तीत दडलेल्या नफ्याचे काय होते. ब्रिटन ३,२५,००० पौंडांच्या वरच्या संपदेवर ४० टक्के घेतो, पण दडलेला नफा पुसून टाकतो. जपान दोन्ही ठेवतो: ५५ टक्क्यांपर्यंत वारसा कर, वर मूळ किंमतही वारसाकडे चालू. कॅनडाने १९७२ पासून केंद्राचा संपदा कर सोडला आणि त्या जागी असे मानले की माणसाने मृत्यूच्या क्षणी सारे काही बाजारभावाने विकले. नफ्यावरचा कर त्याच्या शेवटच्या विवरणपत्रात. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये केंद्राचा मृत्युकर काढला, सप्टेंबर १९८५ मध्ये भांडवली नफा कर आणला आणि तेव्हापासूनच्या खरेदीसाठी किंमत वारसाकडे सरकवण्याची पद्धत ठेवली. स्वीडनने २००४ मध्ये वारसा कर रद्द केला, पण मूळ किंमत पुसली नाही. आपण या शेवटच्या दोघांच्या पंगतीत बसतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. भारतात राहून थेट अमेरिकी शेअर घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे. अशा अनिवासी परक्या गुंतवणूकदारासाठी अमेरिकेच्या संपदा करातली सूट कोट्यवधी डॉलरची नसते. ती फक्त ६०,००० डॉलरच्या मालमत्तेपुरती असते, आणि त्याहून वरच्या मालमत्तेला ४० टक्क्यांपर्यंतचा दर लागतो. संपदा करापुरता भारत-अमेरिका करार नाही. मृत्यूनंतर नऊ महिन्यांत तिथे विवरणपत्र भरावे लागते. तोच पैसा भारतीय म्युच्युअल फंडामार्फत गेला असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण गुंतवणूकदाराच्या हाती भारतीय युनिट असते. वारसा कराच्या नुसत्या नावाने संतापणाऱ्या कितीतरी घरांच्या डीमॅट खात्यांपलीकडे तो असा आधीच येऊन बसला आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप कराच्या विरोधकांचा: वडिलांनी पगारावर कर भरला, उरलेल्या पैशातून शेअर घेतले, मग पुन्हा कर कसला? संपूर्ण संपत्तीवर लागणाऱ्या वारसा कराबाबत हा आक्षेप बिनतोड आहे. मुदत ठेवीतले १० लाख, ज्यांवर आयुष्यभर दरवर्षी कर कापला गेला, ते मुलाकडे जाताना पुन्हा कापणे याला दुहेरी कर म्हणण्यात काही चूक नाही. पण शेअरच्या वाढीबाबत तो लागू पडत नाही. पगारावर कर बसला तो ४०,००० पुरता. त्या ४०,००० चे ११ लाख झाले, त्यातल्या वाढीवर वडिलांनी कधीही, एक रुपयाही भरलेला नाही. ते हयात असताना विकते तर भरावा लागला असता. मग हृदय बंद पडले एवढ्या कारणाने तो नफा करमुक्त का व्हावा? शेजारच्या घरातल्या माणसाने आजारपणासाठी तेच शेअर मृत्यूच्या महिनाभर आधी विकले आणि कर भरला. रुग्णालयाच्या बिलासाठी विकणाऱ्याने भरायचे आणि ज्याला विकण्याची गरजच पडली नाही त्याचे माफ, असा नियम करणारा देश कोणाच्या बाजूने उभा आहे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो उलट दिशेने येतो. समतेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, नफ्यावरचा कर पुरेसा नाही. जन्माने मिळणारी संपत्ती हीच विषमतेची मुळी आहे आणि तिच्यावर थेट घाव घातला पाहिजे. यातली नैतिक तळमळ मला पटते. श्रीमंत घरात जन्माला येणे हे कोणाचे कर्तृत्व नव्हे. पण या देशाने तो प्रयोग बत्तीस वर्षे केला आहे, आणि त्याचा हिशेब मांडल्याशिवाय पुन्हा तेच करा म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संपदा शुल्क (मृताच्या मालमत्तेवरचा कर) कायदा झाला आणि १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. पुढे त्याचा वरच्या टप्प्यातला दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. कागदावर हा जगातल्या कठोर कायद्यांत मोडेल असा होता. आणि १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो रद्द करण्याचे सुचवले तेव्हा वर्षाचे उत्पन्न होते सुमारे २० कोटी रुपये, आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही.

८५ टक्के दर आणि २० कोटी वसुली, ही तफावत आली कुठून? मृत्यूच्या दोन वर्षांहून आधी दिलेल्या भेटी जाळ्याबाहेर राहत. हिंदू एकत्र कुटुंबातला वाटा ठरवणे हा स्वतंत्र खटल्याचा विषय. बंद कंपनीच्या शेअरचे, वाड्याचे, दागिन्यांचे मूल्य प्रत्येक घरात नव्याने काढायचे, आणि प्रत्येक आकड्यावर अपील. त्यातच संपत्ती करही त्याच मालमत्तेवर. राज्यघटनेतही एक गाठ आहे: शेतजमीन वगळून इतर मालमत्तेवरचे संपदा शुल्क केंद्राच्या सूचीत, शेतजमिनीवरचे राज्यांच्या सूचीत. म्हणजे आजही केंद्राने कायदा केला तर हजार एकराचा धनी शेतजमिनीपुरता त्याच्या बाहेर, आणि उपनगरातल्या तीन खोल्यांचा मालक, सूट चुकीच्या ठिकाणी ठरली तर, आत.

यावर उत्तर येते की तो काळ वेगळा होता. आता पॅन आहे, डीमॅट आहे, कोणाकडे किती शेअर हे एका कळीवर दिसते. हे बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. सूचिबद्ध शेअरपुरते मूल्यांकनाचे भांडण आज उरलेले नाही. पण मग प्रश्न असा की ते शेअर कोणाच्या नावावर दिसतील? संपदा शुल्काला एक मृत माणूस लागतो. खाजगी ट्रस्ट मरत नाही. प्रवर्तक कुटुंबे आपली मालकी ट्रस्टमध्ये ठेवतात ती अनेक कारणांनी, पण 'उद्या वारसा कर आलाच तर' हे कारण कोणत्याही संपत्ती सल्लागाराच्या यादीत असते. ज्याला पाच-सात लाख सल्लागारावर खर्च करणे परवडते, तो कर येण्याआधीच बाहेर पडलेला असेल. जाळ्यात सापडेल तो दादरला आजोबांची सदनिका असलेला, जिची किंमत त्याच्या हातांनी नव्हे तर शहराने वाढवली.

मूळ किंमत पुढे नेण्याची पद्धत इथे जास्त चिवट ठरते. शेअर ट्रस्टमध्ये गेले तरी तीच जुनी किंमत त्यांच्यासोबत जाते. ट्रस्टने विकले की १९९६ पासूनचा नफा उघडा पडतो. ती माणसाचा नाही, नफ्याचा माग काढते.

पण विकलेच नाही तर? हा या पद्धतीवरचा सर्वांत खरा आक्षेप आहे. जो विकतो तो भरतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विकण्याची गरज नाही, जो त्याच शेअरवर कर्ज काढून जगू शकतो, त्याचा कर अनंतकाळ पुढे ढकलला जातो. शिवाय विकले तर कर लागतो म्हणून वारस चुकीची गुंतवणूकही धरून बसतो. कॅनडासारखे मृत्यूच्या दिवशीच विक्री झाली असे मानावे, हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. मला तो आपल्याकडे सरसकट लागू करणे क्रूर वाटते. विक्री झाली नाही म्हणजे हातात पैसा नाही. घरात सुतक, बँक खाते गोठलेले, वारसा प्रमाणपत्रासाठी न्यायालयात तारखा, आणि कराची मुदत चालू. कर भरण्यासाठी राहते घर विकायला लावणारा कायदा टिकत नाही, टिकूही नये.

कॅनडाकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट आहे, तिकडे कोणी पाहत नाही. तिथे बहुतेक खाजगी ट्रस्टसाठी दर २१ वर्षांनी मालमत्ता विकली असे मानून नफ्यावर कर घेतला जातो. ट्रस्ट मरत नाही, तर कायदाच त्याला एका पिढीएवढ्या अंतराने हिशेबाला उभा करतो. आपण हा नियम केवळ सूचिबद्ध रोख्यांपुरता आणि मोठ्या मर्यादेच्या वरच्या खाजगी ट्रस्टना लावला, तर मूल्यांकनाचा वाद नाही, रोकड टंचाईचा प्रश्न सौम्य (थोडे शेअर विकले की कर भागतो), आणि विधवेच्या घरावर टाच नाही. विषमतेवर घाव घालायचा तर तो इथे बसेल.

आता पद्धतीच्या आतला अन्याय. जुलै २०२४ मध्ये सरकारने दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के केला आणि बहुतेक मालमत्तांवरचा चलनवाढीचा लाभ, म्हणजे इंडेक्सेशन, काढून घेतला. धारणकाळ जितका लांब तितका 'नफ्या'तला महागाईचा भाग मोठा, आणि वारशाच्या मालमत्तेइतका लांब धारणकाळ दुसऱ्या कशाचा असतो? ओरड झाल्यावर २३ जुलै २०२४ च्या आधी संपादित केलेल्या जमीन आणि इमारतींपुरती निवड दिली: इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, जे कमी असेल ते. पण ती फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. परिणाम पाहा. वडिलांचे जुने घर, १ एप्रिल २००१ चे मूल्य १० लाख, २०२५-२६ मध्ये विक्री ६० लाखांना. भाऊ पुण्यात, बहीण परदेशात, दोघांचा निम्मा वाटा. २०२५-२६ चा महागाईचा सरकारी निर्देशांक ३७६ (२००१-०२ चा १००), म्हणून भावाच्या ५ लाखांची किंमत होते १८.८० लाख, नफा ११.२० लाख, कर २.२४ लाख. बहिणीचा नफा २५ लाख, कर ३.१२५ लाख; शिवाय खरेदीदार तिच्या वाट्यातून आधीच करकपात करणार आणि जास्तीचे परत मिळवायला ती विवरणपत्र भरणार. एकच बाप, एकच घर, एकच खरेदीखत, आणि एकाच दिवशी दोन कर.

त्यातही 'संपादित' हा शब्द अडचणीचा आहे. वडिलांनी २००५ मध्ये घेतलेले घर मुलाला २०२५ मध्ये वारशाने आले, तर संपादन कोणते धरायचे? असाच पेच पूर्वी निर्देशांकाच्या वर्षावरून पडला होता. १९९३ मध्ये घेतलेली सदनिका २००३ मध्ये भेट दिली गेली आणि त्याच वर्षी विकली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला की निर्देशांक पूर्वमालकाच्या वर्षापासूनच मोजायचा. किंमत त्याची, धारणकाळ त्याचा, तर वर्षही त्याचेच. तेच तर्कशास्त्र इथे लागू व्हायला हवे, आणि त्यासाठी वारसाला न्यायालयाची पायरी चढायला लावू नये. कायद्यात एक ओळ घातली की काम होते.

महागाईवरचा उपाय आपल्या कायद्यात आधीपासून आहे. ज्या तारखेचा बाजारभाव किंमत म्हणून घेता येतो, ती तारीख सरकारने वेळोवेळी पुढे आणली: १९६४, मग १९७४, मग १९८१, आणि २०१७ च्या वित्त कायद्याने २००१. प्रत्येक सरकाव म्हणजे जुन्या, महागाईने फुगलेल्या नफ्याची सर्वांसाठी सारखी माफी, कोणी मेले की नाही याचा संबंध नाही. इंडेक्सेशन काढल्यावर ही तारीख पुढे आणण्याची गरज दुप्पट झाली आहे. ती २०११ वर आणा.

आणखी एक विसंगती, जिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. वडिलांनी हयातीत तोट्यात विकलेल्या शेअरचा भांडवली तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो. पण ते गेले की तो तोटा त्यांच्याबरोबर जातो. धंदा वारशाने चालवणाऱ्याला त्या धंद्याचा तोटा घेता येतो, गुंतवणुकीच्या वारसाला नाही. न विकलेल्या शेअरमधला नफा वारसाच्या माथी, विकलेल्या शेअरमधला तोटा चितेवर. किंमत पुढे जाते तर तोटाही पुढे जाऊ द्या. पूर्वमालकाच्या जागी वारसाला उभे करायचे तर पूर्णच करा.

आणि आता कागद, जिथे ही पद्धत खरी अडते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्यासारखीच पद्धत स्वीकारली होती: वारसाला मूळ किंमतच मिळेल. वकील, बँका, शेतकरी सगळे एकच विचारू लागले, चाळीस वर्षांपूर्वीची किंमत शोधायची कुठे? १९७८ मध्ये अंमल लांबणीवर पडला, १९८० मध्ये तरतूदच रद्द झाली. तत्त्वावर ती हरली नाही, पावतीवर हरली. आपण तेच तत्त्व कायद्यात ठेवले, पण किंमत जपण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकली नाही. ती आपोआप पडली त्या माणसावर, ज्याने ती खरेदी केलीच नव्हती.

घरात वडिलांचे लोखंडी कपाट उघडले की काय निघते ते पाहा. जुने कागदी प्रमाणपत्र, ज्या कंपनीचे नाव दोनदा बदलले आणि नंतर विलीनीकरण झाले. बोनस शेअर, ज्यांची किंमत शून्य, पण १ एप्रिल २००१ च्या आधीचे असतील तर त्या दिवसाचा भाव. दर्शनी मूल्याचे विभाजन, त्यामुळे १०० चे १,०००. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यामुळे शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले. हे सगळे सोडवून शेअर वारसाच्या डीमॅटमध्ये येतात, तेव्हा सोबत संख्या येते. किंमत आणि मूळ तारीख येईलच असे नाही. ब्रोकरच्या नफातोटा पत्रकात आणि आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात जी किंमत दिसते ती अंदाजाची असू शकते, आणि वारस बिचारा तीच खरी मानून भरतो. वारशाचे शेअर आपल्या स्वतःच्या त्याच कंपनीच्या शेअरबरोबर एका खात्यात घेतले तर गुंता आणखी वाढतो, कारण 'आधी आले ते आधी गेले' हा नियम खात्यात जमा होण्याच्या तारखेने चालतो. १९९६ चे शेअर मागे आणि २०१९ चे पुढे उभे राहतात. वेगळे डीमॅट खाते उघडणे हा यावरचा साधा उपाय, पण तो सांगतो कोण?

नॉमिनीचा गोंधळ याच जातीचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की शेअरचा नॉमिनी हा मालक नव्हे. तो कायदेशीर वारसांसाठी सांभाळणारा. पण शेअर आधी नॉमिनीच्या खात्यात येतात आणि तिथून वारसांकडे जाताना त्या हालचालीकडे साधे हस्तांतर म्हणून पाहिले जायचे, आणि कर नसताना खुलासा द्यावा लागायचा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये परिपत्रक काढून, नॉमिनीकडून कायदेशीर वारसाकडे होणाऱ्या अशा बदलासाठी 'टीएलएच' हा वेगळा कारणसंकेत ठरवला, १ जानेवारी २०२६ पासून. एका तीन अक्षरी संकेताने हजारो घरांचा मनस्ताप वाचू शकतो. त्यासाठी ना संसदेत वादळ लागले, ना निवडणुकीत भाषणे.

त्याच वाटेने पुढचे पाऊल टाकता येईल. ट्रान्समिशनच्या अर्जात आज मृत्यूचा दाखला, ओळखीचे पुरावे, हमीपत्र, ठरावीक रकमेच्या वर वारसा प्रमाणपत्र वा मृत्युपत्र असे सगळे मागितले जाते. त्यात दोन रकाने वाढवा: मूळ खरेदीची तारीख आणि मूळ किंमत. डीमॅटमधल्या खरेदीची माहिती डिपॉझिटरी (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्था) आणि ब्रोकर यांच्याकडे असतेच. ती वारसाच्या खात्यात शेअरबरोबर पोहोचवणे त्यांच्यावर बंधनकारक करा. कागदी शेअरच्या बाबतीत वारसाने पुरावा दिला तर तो तिथेच नोंदवा, नाही दिला तर १ एप्रिल २००१ चा भाव आपोआप भरा, आणि ३१ जानेवारी २०१८ चा भाव शेजारच्या रकान्यात. २०१८ चे भाव शेअर बाजारांच्या दप्तरी आहेत. म्युच्युअल फंडांच्या रजिस्ट्रारकडे प्रत्येक हप्त्याची तारीख आणि एनएव्ही, म्हणजे युनिटचा त्या दिवशीचा भाव, आहे. फोलिओ बदलला म्हणून ती पुसली जाऊ नये. पुरावा नसेल तर किंमत शून्य, ही समजूत मोडून काढणारी एक ओळ विवरणपत्राच्या सूचनांत, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, छापा.